हळू आवाजाची चाचणी

कागदी शंकू तांदळाच्या जाडीइतकाही हलत नव्हता, तरी शब्द न् शब्द स्पष्ट येत होता. १९३८ साली तमिळ मुलखातल्या कुंभकोणमात विज्ञान शिकवणारे तुकोजीराव घरीच लाउडस्पीकर बांधत होते. बॅटरी दुबळी होती. तेवढ्याशा विजेवर माणसाचं बोलणं, म्हणजे आवाजाची मधली पट्टी, दूरवर नेणारा शंकू निवडण्यात सहा महिने गेले. तेवढेच महिने त्यांची लेक भवानी, हातावर चटक्याचा डाग घेऊन, माहेरी होती. तिला सासरी तिरुविडैमरुदूरला परत धाडायचं का, यावर घरातली थोरली मंडळी अजून विचार करत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"भवानीबाई, घरात सगळ्यांत हळू तूच बोलतेस," तुकोजीराव म्हणाले. "मायक्रोफोनपुढे बोल काहीतरी."

"कर्णा रस्त्याकडे आहे, आप्पा."

"असू दे. आपल्या मराठीतलं शेजाऱ्यांना ओ की ठो कळत नाही."

"काहीही बोलू?"

"काहीही. फक्त ओरडू नको."


भवानीनं आवाज मुळीच चढवला नाही. सबंध गल्लीला समजेल अशा स्वच्छ तमिळमध्ये ती म्हणाली, "मी सासरी परत जाणार नाही."