बोडकी ओसरी

चार जुलैचा स्वातंत्र्यदिन उजाडला, तरी ओपलच्या ओसरीवर ना झेंडा, ना झालर. एरवी झालर ठोकायला गल्लीत पहिला हातोडा तिचाच वाजायचा. समोरच्या ट्विलाच्या काळजात चर्र झालं. ओपलचा मुलगा लढाईवर होता.

मयताच्या घरी नेतात तसले चीजमधले बटाटे करून, डोळे पुसत ट्विला तिच्याकडे गेली.

पायरीवरच ओपलनं तोंडावर बोट ठेवलं. झोपाळ्यावर तिचा लेक बुटांसकट घोरत होता.

"पहाटे आला. खिळे ठोकले तर उठेल ना गं!"

ट्विलानं हातातलं भांडं पायरीवर टेकवलं. ओपलनं भांड्यावरचं झाकण उचललं.

"अगं बाई, मयताचे बटाटे?"

ट्विला ओशाळून भांडं मागे ओढू लागली.

"राहू दे. ज्याच्या नावानं आणलेस, त्यालाच वाढते."