पंधरवड्याची म्हैस

"मोडून टाक सौदा, गोजरबाई. उद्या बाजार हाय. उद्याच म्हैस वापस कर," शकुबाई दारातूनच म्हणाली.

गोजरबाई ज्वारी पाखडत होती. "काहून? दूध देईना का?"

"दूध देती की. चरवी भरून देती. पण धार कोण काढून राहिलं, ते इचार."

गोजरबाईचा जावई जळबा तिच्या गोरेगावपासून तासाभराच्या वाटेवरच्या वाडीत राहत होता. शकुबाईची लेक त्याच वाडीत दिली होती. शकुबाई कालच तिथून परतली होती.

"बाई काढून राहिली," ती म्हणाली. "म्या माझ्या डोळ्यानं पायलं. डोक्यावरून पदर, म्हशीखाली बसलेली."

"शेजारची सोजराबाई असंल."

"सोजराबाई माझ्या बाजूला उभी होती. तिला म्हणलं, ही कोण? तर तोंडाला पदर लावून हसली. म्हणे, जळबालाच इचारा."

"लुगडं कसलं होतं?"

"हिरवं. जांभळ्या काठाचं."

सूप गोजरबाईच्या हातात तसंच राहिलं. ते लुगडं तिनं द्वारकाला डोहाळ्यांचं घेतलं होतं. द्वारका तिची एकुलती लेक. मांडीवर तान्हं असतानाच गेल्या पावसाळ्यात ती तापानं गेली.

द्वारकाचं दिवसपाणी झालं तेव्हा गोजरबाई नातीला, चांगुणाला, आपल्याकडं न्यायला निघाली होती. बाप्याच्या हातून तान्हं लेकरू वाढत नाही, असं सगळेच म्हणत होते. जळबानं पाळण्याची दोरी सोडली नाही.

"मामी, द्वारका गेली. हिला बी नेलं तर मी घरी कशाला येऊ?" तो म्हणाला.

पण लेकराला दूध कुठून आणायचं? दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, तरी गोठे रिकामेच होते. चार महिने मागून आणलेल्या दुधावर कसेबसे निघाले. शेवटी जळबानंच तोड काढली. दोघांत मिळून एक म्हैस घ्यायची. अंधारा पंधरवडा त्याच्याकडं, उजेडाचा गोजरबाईकडं. म्हैस जिथं, लेकरू तिथं. म्हैस परत करायची पाळी आली, तर चांगुणा कायमची आजीकडं जाईल, हेही त्यानं कबूल केलं.

गेल्या बाजारात उत्तमरावाची म्हैस पसंत पडली. "गरीब जनावर हाय. घरच्या बाईच्या हाताच्या सवयीचं हाय," उत्तमराव म्हणाला. बाजाराच्या रीतीप्रमाणे बोली झाली. पटली नाही तर पुढच्या बाजाराला दावं परत द्यायचं आणि पैसे उचलायचे. कुणी कुणाला बोल लावायचा नाही. पहिला पंधरवडा जळबाचा होता. म्हैस वाडीला गेली.

मधे एकदा जळबा गोरेगावला येऊन गेला होता.

"लाथ मारती म्हणं?" गोजरबाईनं तेव्हा विचारलं.

"पहिल्या दिवशी मारली. चरवीच उलटी केली. आता देती."

"मंग आता कशी काय देती?"

जळबा खाली बघत राहिला. "जमवलं, मामी." आणि चहा न घेताच उठला.

त्या खाली बघण्याचा अर्थ आता तिला लागला. वरीस बी झालं न्हाई, ती मनात म्हणाली. आणि लुगडं सुदिक तिचंच.

ज्वारी तशीच ठेवून तिनं पायात वहाणा घातल्या. वाडीच्या वाटेला दोन्ही बाजूंनी हरभरा उभा होता. तिला तो दिसलाही नाही. आधी त्या बाईला उभी करायची, मग जावयाला. सकाळी म्हैस बाजारात आणि लेकरू आपल्या कडेवर. वाटभर ती हेच घोकत गेली.

वाडीत पोहोचली तेव्हा दिवस मावळतीला आला होता. सोजराबाई चांगुणाला घेऊन जळबाच्या ओट्यावर बसली होती.

"या मावशी. नातीला वळखता का? लई जड झाली. माझी कंबर धरली की."

"जळबा कुठाय?"

"गोठ्यात."

"एकलाच?"

सोजराबाईनं हसू दाबलं. "जा की, तुमीच बघा. पर गलका करू नका, धार चालली हाय."

गोजरबाईनं आधी लेकराला घेतलं. खरंच जड झालं होतं. गाल भरले होते. टाळूवर तेल होतं. काजळ पार कानापर्यंत ओढलेलं होतं. धड घालता येत नव्हतं, पण कुणीतरी बसून, धीरानं घातलं होतं. चांगुणा तिच्याकडं बघून खिदळली. दोन नवे दात दिसले.

गोजरबाई ओट्यावर टेकली. वाटेत जमवलेले सगळे शब्द एकेक करून विरले. द्वारका काही परत येणार नव्हती. जळबा तरणा होता. आणि कोण कुठली ती बाई, पण तिच्या हाताला यश होतं. हे हसतं लेकरू इथून उचलायचं कशासाठी? आपल्या रागासाठी?

ती उठली. मग लेकराला सोजराबाईकडं देऊन गोठ्याकडं गेली.

आत उजेड कमी होता. म्हशीच्या आड हिरवं लुगडं दिसत होतं. डोक्यावरून पदर घेतलेला. चरवीत धार वाजत होती. जळबा कुठं दिसेना. आपला आवाज ऐकून मागच्या बाजूनं सटकला असेल, असं तिला वाटलं.

"बाई," ती हळू म्हणाली.

पदर आणखी खाली आला. धार थांबली नाही.

"मी भांडायला आले होते. आता न्हाई भांडत. म्हैस राहू दे आणि लेकरू बी राहू दे. ठरल्याप्रमाणे उजेडाच्या पंधरवड्यात तेवढं माझ्याकडं धाडा. तू लेकराला जीव लावला, तुझं भलं होवो." "लुगडं तेवढं सोडून ठेव, माय. माझ्या लेकीचं हाय. मी तुला दुसरं घेते, नवं कोरं."

चरवीतला आवाज थांबला.

"लुगडं सोडलं की म्हैस दूध देत न्हाई, मामी," पदराआडून जळबा म्हणाला.