सवतीचा गुडघा

प्वो आंब्याखालून मैदानात आली आणि नायोलाने सगळ्यांत आधी तिचा डावा गुडघा पाहिला. सुजला होता. विणलेल्या जाळीच्या अंगरख्यातूनही कळत होतं.

प्वो ही पूर्वज बाई. मुखवट्यांच्या दिवशी जमिनीतून वर येते, नाचते, बायकांना पोरंबाळं देते आणि परत जाते. तिच्या आत कोणी पुरुष नसतो. हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. कोण नसतो, हे तर नावानिशी ठाऊक असतं.

त्या दिवशी गावातले चार-पाच पुरुष नेमके चिकापा नदीवर मासे धरायला जातात. नायोलाचा नवरा साकाया तीस वर्षं जातोय. मासा म्हणून त्याने आजवर घरी आणलेला नाही.

तीस वर्षांपूर्वी कोणीतरी मुखवटे कोरणाऱ्याला तांब्याचं कडं देऊन हा मुखवटा आणला होता. कडं देऊन आणतात ती बायको. तेव्हापासून नायोला तिला मनातल्या मनात सवत म्हणायची. नाजूक हनुवटीची, मिटल्या डोळ्यांची सवत. इतक्या वर्षांत चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. म्हातारा झाला तो फक्त गुडघा.

"आज लंगडतेय गं," शेजारची मुतांगो म्हणाली.

"बाळंतपणं बरीच झाली असतील," नायोला म्हणाली.

राजधानीहून, लुआंडाहून, सात पाहुणे आले होते. त्यांना बाकावर बसवलं होतं आणि त्यांच्यामुळे ढोलवाल्यांना चेव चढला होता. पलीकडे साकायाचा भाचा उपिते हाताची घडी घालून उभा होता. तोही गुडघ्याकडेच बघत होता. माणूस वाईट नव्हता. अकरा वर्षं वाट बघत होता, इतकंच.

पूर्वज पडत नसतात. प्वो पडलीच तर मुखवटा नदीकाठच्या चिखलात पुरायचा, नवा कोरून घ्यायचा आणि तो भाच्याने चढवायचा, अशी रीत. मग साकायाला मुखवट्यांच्या दिवशी घरीच बसावं लागलं असतं. घरी बसलेला साकाया नायोलाने एकदा पाहिला होता, ताप आला तेव्हा. तीन दिवस तो भिंतीकडे बघत होता आणि भिंतीतही खोट काढत होता.

ढोल आणखी चढले. प्वोचा गुडघा एकदा वाकला. तिने ते ठुमक्यात लपवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गुडघा पुन्हा वाकला, आणि या वेळी ठुमका उशिरा आला.

बाईने प्वोला हात लावायचा नाही. पण गाणं टाकता येतं. बायकांनी ज्या कामाचं गाणं टाकलं, ते काम प्वोला नाचून दाखवावं लागतं. बायकांना वळण लावायलाच ती येते. सहसा कांडणाचं गाणं टाकतात, नाहीतर खुरपणीचं. दोन्हींत कंबर दिसते.

नायोला दोन पावलं पुढे झाली आणि तिने कसावा सोलायचं गाणं काढलं.

हे गाणं चुलीपाशी बसून कंद सोलताना गायचं. समारंभात ते कोणी कधी गायलं नव्हतं. त्यातून आवाज नायोलाचा. तो ऐकला की तिची मुलं लहानपणी झोपेचं सोंग लवकर घेत.

"अगं ए!" मुतांगोने तिचं लुगडं ओढलं. "हे काय इथे गायचं गाणं आहे? लोक हसतायत."

"हसू देत. तू मागून गा. तोंडात काय माती भरलीय?"

"अगं, पण कसावा बसून सोलतात."

"मग? मी कुठे उभ्याने सोल म्हणतेय?"

मुतांगोने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा प्वोच्या गुडघ्याकडे. मग तिनेही गळा काढला. पाठोपाठ सगळ्या बायका हसत हसत गायला लागल्या. ढोलवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. या चालीवर जोरात वाजवणं अशक्य होतं. ढोल उतरले.

प्वो क्षणभर तशीच उभी राहिली. मग कमरेवर हात ठेवून, अगदी बाईसारखी, सावकाश खाली बसली. डावा पाय सरळ पुढे पसरला. आणि न दिसणारा कसावा सोलायला लागली.

खूप वेळ सोलला. गाण्याची कडवी संपली, तेव्हा नायोलाने आत्याचा कसावा, जावेचा कसावा, पाहुण्यांचा कसावा अशी नवी जोडली. गावाला चार दिवस पुरेल इतका सोलून झाल्यावर प्वो ताजीतवानी उठली आणि मान डोलवत आंब्याखालून निघून गेली. उपितेने हाताची घडी सोडली. थोडा वेळ त्याला त्या हातांचं काय करावं ते सुचेना. मग त्याने टाळी वाजवली.

पाहुण्यांतल्या एका बाईने डोळे पुसले आणि दुभाष्याला काहीतरी सांगितलं.

"या विचारतायत," दुभाष्या म्हणाला, "तुमचे यजमान कुठे आहेत?"

"नदीवर," नायोला म्हणाली. "मासे धरतायत."

साकाया दिवेलागणीला रिकाम्या हातांनी घरी आला. पाणी तापलेलंच होतं. तो भिंतीला टेकून बसला. नायोलाने फडकं बुडवून पिळलं आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवलं.

"खडकावरून घसरलो," तो म्हणाला.

"शेवाळ फार झालंय ना हल्ली."

"हं. इकडे कसं झालं?"

"छान झालं. तुमचं तेवढं हुकलं. मध्येच कोणा बाईने कसावा सोलायचं गाणं काढलं. मग प्वो बसूनच नाचली."

"कोण गं बाई?"

"गर्दी होती अहो. दिसलं नाही."

साकायाने फडकं उलटवून गुडघ्यावर पुन्हा ठेवलं.

"कुठे भेटली तर सांग तिला," तो म्हणाला, "पुढच्या वेळी जरा लवकर काढ म्हणावं."