जोडीचा पास

काठी आत नेता येणार नाही, असं सांगितल्यावर बद्रीनाथनं ती मुकाट्यानं देऊन टाकली. ती ठेवायचे पैसे मागितले, तेही दिले. पाण्याची बाटलीही चालणार नव्हती. अर्धी तो प्याला, उरलेली त्यानं बरोबरच्या म्हातारीपुढं धरली. तिनं तोंड न लावता वरून घटाघटा ओतून संपवली.

“तंबाखू हाय का, बाबा?” तपासणाऱ्यानं विचारलं.

“नाय बुवा.”

“हाय की. वरच्या खिशात हाय,” ती म्हणाली.

पुडी गेली. मागची रांग हसली. आजीनंच पकडून दिलं, असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा बद्रीनाथलाही हसू आलं. आज त्याला कशाचाच राग येत नव्हता.

कार्यक्रम फुकट होता. तसं वैजापूरला लागलेल्या फलकावर मोठ्या अक्षरांत होतं. बाकीचं बारीक अक्षरांत होतं, ते इथं मैदानावर आल्यावर कळत गेलं. स्टँडवरच्या रिक्षावाल्यानं मात्र आधीच सांगितलं होतं, की चाचा, गाना फुकट है, पन उस्के पास पहुंचना फुकट नही. आणि दुप्पट भाडं घेतलं होतं.

पण सनई होती. आकाशवाणीवर सकाळी वाजायची तीच सनई, वाजवणारा तोच माणूस, आणि तो आज समोर बसून वाजवणार होता. मंजुळाला एकदा ती समोर बसून ऐकायची होती. चुलीपुढं बसल्या बसल्या ती रेडिओ मोठा करायला लावायची. सनई चालू असली की भाकरी करपली तरी तिला पत्ता नसायचा. नेतो तुला एकदा, असा बद्रीनाथनं शब्द दिला होता. कधी कांदा काढायला आलेला असायचा, कधी घरात लग्न. शब्द तसाच राहत गेला होता.

आज तो पुरा व्हायचा होता. फक्त दार बंद व्हायच्या आत पोचायला हवं होतं. सनई सुरू झाली की कोणालाच आत सोडणार नव्हते.

पास मोबाइलवर काढावा लागला होता. एका पासवर दोन माणसं. एकट्याला प्रवेशच नाही, म्हणे गर्दीत टवाळ पोरं घुसतात. फॉर्म त्याच्या नातीनं, श्रेयानं भरला. दुसरं नाव कोणाचं टाकू, असं तिनं विचारलं.

“मंजुळाचं टाक,” तो म्हणाला.

श्रेया क्षणभर त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं नाव टाकलं.

डबेही आत चालणार नव्हते, म्हणून दोघं आधी बाहेरच लिंबाच्या झाडाखाली बसून जेवले होते. तिच्या फडक्यात एकच भाकरी होती, वर मिरचीचा ठेचा. तिनं मोडून अर्धी त्याला दिली. त्यानं आपल्याकडचा गूळ पुढं केला. ठेचा लई तिखट झालाय, असं तो म्हणाला. मग राहू द्या, असं म्हणून तिनं हात पुढं केला, तर त्यानं घाईनं घास तोंडात टाकला.

आता आतल्या दाराची रांग मुंगीसारखी सरकत होती. तो पुढं, ती मागं. ती येतेय ना, हे तो सारखा वळून बघत होता.

“आमच्या पाचोडच्या बाजारात बी एवढी माणसं नसतात,” ती म्हणाली. “सापडंल का हो जागा?”

“सापडंल. नुसतं आत जाऊ द्या.”

पुढं गडबड झाली. एक पोरगा आणि एक पोरगी, दोघांची ओळख रांगेतच झालेली. दारावरच्या माणसानं पोरीला पोराचं नाव विचारलं आणि ती अडखळली. दोघांना बाहेर काढलं.

“काय बाई हिंमत एकेकाची,” ती पदराआड पुटपुटली.

त्यांची पाळी आली. आत माइकवर हॅलो हॅलो चाललं होतं. दारावरच्या माणसानं मोबाइल हातात घेऊन पास बघितला.

“मंजुळाबाई?”

“व्हय.”

“मालकाचं नाव सांगा.”

तिनं मान खाली घातली. पदर कपाळावर ओढला. माणसानं पुन्हा विचारलं. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मागून लोक घाई करू लागले. बद्रीनाथनं तोंड उघडलं, तर तुम्ही बोलू नका, असं त्याला दटावलं.

तेवढ्यात बायकांच्या झडतीसाठी उभी असलेली पोलीसबाई पुढं आली.

“अहो, कोणाला काय विचारताय?” ती त्या माणसाला म्हणाली. “माझ्या सासूनं जन्मात सासऱ्याचं नाव घेतलं नाही. जा हो आजी, जा आत.”

दोघं जवळजवळ पळतच आत गेले. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी अडवून ठेवल्या होत्या. मधल्या रांगा भरल्या होत्या. अगदी मागं, सतरंजीच्या कडेला जागा मिळाली. दार लागल्याचा आवाज आला, आणि दिवे मंद झाले.

मग सनई सुरू झाली.

चुलीपुढं ऐकू यायची तीच होती, पण आता ती अंगावरून वाहत होती. बद्रीनाथनं डोळे मिटले. मंजुळा, ऐक, असं तो मनात म्हणाला. गालावरून पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही.

पहिला राग संपला. सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं. त्या आवाजात ती त्याच्याकडं थोडी झुकली.

“दादा,” ती म्हणाली, “दारावर माझा जीवच गेला होता बघा. तुमचं नाव काय?”