तापी ओलांडायचा खेळ

अठ्ठावन्न साली मी कोरीटला मास्तर होतो. पावसाने वर्ग गळू लागला की आम्ही ओसरीवर एक खेळ खेळायचो. मी संकट सांगायचे. त्यातून जायचे तर मुलांनी फोडलेले चिंचोके टाकायचे. पांढरे जास्त पडले तर वाचला, काळे पडले तर मेला. पुरातली तापी ओलांडून पलीकडच्या प्रकाशा गावाला पोचेल त्याला उसाचे कांडे.

भिला बुडाला. मगन दोनदा बुडाला. मग आठ वर्षांची धनू आली.

"टाक चिंचोके."

"नई गुरुजी. पानी उतरी तवलोंग मी काठवर बठसू."

"चार दिवस झाले. भूक लागली."

"भाकर बांधी लयेल शे."

"आठ दिवस झाले. भाकर संपली."

"आठेच, या काठवर, मन्हा मामानं घर शे."

"पूर काही उतरत नाही, धनू."

"पूर तुमीच लयनात, गुरुजी. तुमीच उतारा."

सगळी पोरे माझ्याकडे बघू लागली. मी पूर उतरवला आणि कांडे तिला दिले.

दुसऱ्या दिवशी मी वाघाचे संकट ठरवून आलो, तर पोरे फडक्यात खरीखुरी भाकर बांधून बसलेली. धनूच्या फडक्यात दोन होत्या.

"एक तुमले, गुरुजी. आज किती दिवस बठनं पडी, कोन जाने."