कापलेले श्वास

दिवंगत गायकाच्या स्मृतिमैफलीत त्याचीच गाणी ऑपेरातला एक तरुण टेनर गाणार होता. सकाळच्या तालमीत म्हाताऱ्या ध्वनिमुद्रकाने हेडफोन चढवला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

पियानोवर गाण्याची चाल वाजत होती आणि प्रत्येक ओळीआधी कुणीतरी दीर्घ श्वास घेत होतं.

ते श्वास ओळखीचे होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यानेच ते टेपमधून ब्लेडने कापून काढले होते. "माझे श्वास टाकतोस तरी कुठे रे?" गायक हसत विचारायचा.

हा पोरगा नक्कल करतोय तर! "अहो, श्वास जरा हळू घ्या," तो काचेआडून खेकसला.

"काका, मी अजून गायलाच कुठे लागलोय?"

चोर तो चोर, वर शिरजोर! म्हाताऱ्याने त्याचा माईक बंद केला. श्वास पुन्हा आला, अगदी कानाशी.

मग त्याच्या ध्यानात आलं, दर श्वासाला आपलीच छाती रिकामी होतेय.

पियानोवाल्याने शेवटचं गाणं उघडलं. त्यातला सूर सगळ्यात लांब होता आणि त्याआधीचा श्वासही.

म्हाताऱ्याने घाईघाईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

तरीही तो श्वास सुरू झाला.