एक की दोन?

२००५ सालची गोष्ट. इंदिरानगरात राहणाऱ्या गोरक्षच्या मनात बायकोबद्दल पाल चुकचुकली, ती तिच्या मोबाइलमुळे. रोज संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून मिस कॉल यायचा. कधी एक, कधी दोन. उज्वला तो कधीच उचलत नसे. पण एक आला की ती गुणगुणत पोळ्या लाटायची, आणि दोन आले की तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

"कोणाचा नंबर आहे हा?" त्यानं शेवटी विचारलं.

"लागत असेल कुणाचा तरी चुकून. एकदा वाजला काय नि दोनदा वाजला काय, तुम्ही मोजत बसता होय?" ती नजर चुकवत म्हणाली.

त्याचा संशय आणखीच बळावला. दुसऱ्या दिवशी फोन दोनदा वाजून थांबला, तेव्हा उज्वला गच्चीवर कपडे काढायला गेली होती. त्यानं तिच्याच मोबाइलवरून तो नंबर लावला आणि गुपचूप कानाला धरला.

पलीकडे त्याची धाकटी बहीण होती, विंचूरला दिलेली मैना.

"वहिनी, फोन कशाला केला? शेजारणीचा मोबाइल हाय हा. एक दिला तर मारलं नाय, दोन दिले तर मारलं, एवढंच समजायचं. दादानं लय हौसेनं जमवलं हे लग्न, त्याला काय सांगू नका. तीन दिले तरच त्याला धाडा."



गोरक्षनं तिसऱ्याची वाट पाहिली नाही. उज्वला गच्चीवरून खाली येईपर्यंत त्याची मोटारसायकल विंचूरच्या रस्त्याला लागली होती.